नियम कोणासाठी?



गेल्या माघवारीला पंढरपुरात एक तरुण कीर्तनकार आम्हांस भेटले. गळा चांगला, पाठांतर चांगले, वीणेपुढे उभे राहण्याची ढबही चांगली. वाळवंटात आमच्याजवळ येऊन बसले आणि हळूच म्हणाले, “महाराज, तीन वर्षं झाली, कीर्तन करतो आहे. पण आता तेच ते होतंय. ऐकणाऱ्यांना कळत नसेल, मला कळतंय. काही नवं सुचायला पाहिजे. त्यासाठी काय वाचू? कोणत्या चाली शिकू?”

आम्ही म्हटले, “वाचायचे ते वाचा, शिकायचे ते शिका. पण आधी काहीतरी सोडा.”

त्यांचा चेहरा उतरला. ते मागायला आले होते आणि आम्ही होते तेही टाकायला सांगत होतो. तेवढ्यात त्यांच्या दिंडीतून बोलावणे आले, ते उठून गेले, आणि बोलणे अर्धेच राहिले. ते अर्धे बोलणे पुरे करावे म्हणून हा लेख.

प्रश्न असा. आपल्याला कोणी अडवलेले नसताना आपणच आपल्याला एखादी अडचण घालून घेतली, तर सुचणे वाढते की आटते? वाढत असेल, तर का वाढते? आणि त्या अडचणीची मर्यादा कोणती? हा प्रश्न कवीचा आणि गवयाचा आहेच, पण तो आपल्या घरातल्या चुलीपाशीही आहे. एकादशीला धान्य वर्ज्य. राहिले काय? भगर, साबुदाणा, शेंगदाणे, रताळी, राजगिरा. रोज पोळी-भाजी करणारी आजी त्या दिवशी एवढ्याच जिनसांत जे करी, त्याची चव आजही जिभेवर आहे. तिला कोणी पाकशास्त्र शिकवले नव्हते. रोजची वाट बंद झाली म्हणून दुसरी काढली, एवढेच.

आता मूळ धरून बोलू.

आम्ही बारा वर्षांचे असताना, म्हणजे 1971 च्या सुमारास, संस्कृत पाठशाळेत लघुकौमुदी शिकत होतो. वर्णांची स्थाने चालली होती. अ-कवर्गाचे स्थान कंठ, इ-चवर्गाचे तालू, असे म्हणत म्हणत गाडी ओठांपाशी आली. उकार, पवर्ग यांचे स्थान ओठ. वकाराचे दात आणि ओठ. ओ, औ यांचे कंठ आणि ओठ. गुरुजी म्हणाले, “पाठ झालं ना? आता सूर्य मावळेपर्यंत ओठांचं एकही अक्षर कोणी बोलायचं नाही. जो चुकेल त्यानं विहिरीचा एक पोहरा शेंदायचा.”

आम्हां मुलांना वाटले, सबंध वर्णमालेतली आठ-दहा अक्षरे ती काय! पहिलाच मुलगा उठून म्हणाला, “मी…” आणि तेथेच गेला. मकार ओठांचा. दुसरा त्याला हसून म्हणाला, “तू…” आणि तोही गेला, ऊकार ओठांचा. मग ध्यानात आले की मी गेला, तू गेला, आम्ही-तुम्ही, माझे-तुझे सगळे गेले. जेवायला बसलो तो पाणी मागता येईना, भात मागता येईना, आमटी मागता येईना. ताक आणि चटणी तेवढी मोकळी होती. एका मुलाला भात तर हवा होता. तो पानाकडे बघत बराच वेळ बसला आणि म्हणाला, “शिजलेले तांदळाचे दाणे द्या.” गुरुजी इतके हसले की त्यांनी स्वतः उठून त्याच्या पानात भात वाढला.

संध्याकाळी हौद भरला होता. गुरुजींनी विचारले, “काय कळलं?” आम्ही म्हटले, “हात दुखतात.” ते म्हणाले, “ते उद्या थांबेल. सगळ्यांत आधी काय गेलं, ते सांगा.” एकाने सांगितले, “मी.” गुरुजी म्हणाले, “आणि राहिलं काय, ते मोजा.” आम्ही मोजू लागलो. राम गेला, विठ्ठल गेला, पांडुरंग गेला. माधव, गोविंद, मुकुंद गेले. कृष्णाविषयी वाद पडला. ऋकार मूर्धन्य, म्हणून कृष्ण राहिला असे एक म्हणे. दुसरा म्हणे, आपण तर ‘क्रुष्ण’ म्हणतो, तेव्हा गेला. गुरुजींनी निकाल दिला, “तुझ्या तोंडातला कृष्ण गेला. पाणिनीचा राहिला.” संतांमध्ये ज्ञानोबा, नामदेव, तुकोबा गेले, एकनाथ राहिले, जनी राहिली, नरहरी आणि सेना राहिले. हरि राहिला, नारायण राहिला. मृदंग गेला, वीणा गेली, टाळ राहिला. आणि ‘हरिकीर्तन’ हा शब्द मात्र जसाच्या तसा, एका अक्षराचीही झीज न होता राहिला.

आम्ही पोरे आनंदाने ओरडलो. गुरुजी म्हणाले, “हा अक्षरांचा योग आहे रे, याचा सिद्धांत करू नका. पण आठवण म्हणून ठेवा.” पन्नास वर्षे झाली, आठवण ठेवली आहे.

हा खेळ गुरुजींच्या पदरचा नव्हता. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त सातव्या उच्छ्वासात मंत्रगुप्त आपली कथा सांगतो. त्याचे ओठ प्रियेच्या दंतक्षताने दुखावलेले, म्हणून तो सगळा वृत्तांत ओष्ठ्य वर्ण टाळून सांगतो. आमच्या मराठीत मोरोपंतांनी (1729 ते 1794) निरोष्ठ रामायण रचले. पंतांच्या नावावर 108 रामायणे सांगतात. कथा एकच, ती सगळ्या देशाला पाठ. पंतांनी दर वेळी आपल्याला नवी अट घातली आणि त्याच कथेतून पुन्हा नव्याने चालत गेले.

पण निरोष्ठ रामायण ही गोष्ट वाचकांनी क्षणभर मनात आणून पाहावी. रामाची कथा सांगायची आणि ‘राम’ म्हणायचे नाही! कारण रामातला मकार ओठांचा. लक्ष्मण म्हणायचे नाही, भरत म्हणायचे नाही, हनुमान म्हणायचे नाही. रावणही नाही. मग सांगायचे कसे? ‘राम सीतेसह वनात गेला’ हे वाक्य एरवी आपण न थांबता बोलून जातो. ते येथे चालत नाही. आम्ही पाठशाळेत असे केले: ‘दाशरथी जानकीसह अरण्यात गेले.’ आता या वाक्यात काय झाले, ते पाहावे. ‘राम’ म्हणताना केवळ नाव घेतले होते. ‘दाशरथी’ म्हणताच दशरथ आला, त्याने कैकेयीला दिलेला शब्द आला, आणि पुत्र अरण्यात का गेला याचे कारण त्या एका नावात उभे राहिले. ‘जानकी’ म्हणताच जनकाचे घर आले. राजर्षीची मुलगी काट्यांतून चालली आहे, हे दिसले. अर्थ वाढवायचा म्हणून आम्ही काही केले नव्हते. पोहरा चुकवायचा म्हणून शब्द शोधला आणि शब्दाबरोबर अर्थ आला.

नियमाने सुचणे का वाढते, याचे उत्तर यातच आहे. जिभेवर जो शब्द पहिल्यांदा येतो तो बहुधा सवयीचा असतो. तो चुकीचा नसतो, पण त्याच्यासाठी मनाला जागे व्हावे लागत नाही. ज्याने शेतात दारे धरले आहे त्याला हे चटकन समजेल. पाणी मोकळे सोडले तर ते आपल्या जुन्या उताराने ओघळीत जाते आणि एकाच कोपऱ्यात साचते. शेतकरी तेथे फावडेभर माती टाकून तोंड बंद करतो, तेव्हा पाणी थबकते, चढते आणि कोरड्या सरीत शिरते. त्या मातीने पाणी निर्माण केले नाही. पाणी होतेच, ते न गेलेल्या जागी गेले. नियमाचे काम एवढेच. भूप गाणारा मध्यम आणि निषाद सोडून देतो, पाच स्वरांवर राहतो. म्हणूनच त्याला षड्जापासून गांधारापर्यंतच्या तेवढ्या अंतरात किती जागा आहे, हे कळते.

येथे कोणी शंका घेईल. “बुवा, साहित्यशास्त्रात मम्मटाने चित्रकाव्याला खालची पायरी दिली आहे. अक्षरांची कसरत म्हणजे काव्य नव्हे. मग तुम्ही तिचे गोडवे का गाता?”

शंका खरी आहे. भारवीने ‘किरातार्जुनीया’च्या पंधराव्या सर्गात एक श्लोक केवळ नकाराचा केला, शेवटचा एक हलन्त तकार सोडला तर दुसरे व्यंजन नाही. विद्वत्तेची कमाल. पण तो श्लोक ऐकून कोणाच्या डोळ्यांत पाणी आल्याचे आम्ही पाहिले नाही. मल्लिनाथाची टीका उघडल्यावाचून त्याचा अर्थ लागत नाही. ऐकणारा अर्थाकडे जातच नाही, तो म्हणतो, “वाहवा! कसे जमवले!” आणि जमवणाऱ्याकडे बघत राहतो. कसरतीच्या नियमात पहिल्याने गेलेला ‘मी’ मागच्या दाराने परत येतो, तो असा. म्हणून आम्ही म्हणतो, व्यायाम तालमीत करावा. पहिलवान लोकांच्या ओसरीवर जाऊन जोर काढीत नाही. पण तालमीत काढलेले जोर अंगात राहतात आणि प्रसंगी उपयोगी पडतात.

संतांनी कोणता नियम घेतला, ते पाहावे म्हणजे फरक कळेल. मोठ्या अभंगाचे माप असे: चार चरण, पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचे यमक. म्हणजे सगळी मिळून बावीस अक्षरे. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण. एवढ्याशा वाटीत जन्माची तळमळ घालायची! आणि ते माप असे की ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही ते जिभेवर पेलते, चालताना पावलाला पडते, टाळाला मिळते. आळंदीहून पंढरीची वाट सुमारे अडीचशे किलोमीटरांची. त्या वाटेवर चालणाऱ्याला दम लागतो तेथे चरण संपतो. संतांचा नियम अवघड होता, पण त्याचा भार ऐकणाऱ्यावर पडला नाही. कवीने कष्ट घेतले आणि लोकांना सोपे झाले. चित्रकाव्यात कष्ट दोघांनाही.

ज्ञानेश्वर माउलींचेही तसेच. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, त्यांनी भावार्थदीपिका सांगितली. गीतेचे सातशे श्लोक, त्यांचा क्रम मोडायचा नाही. श्लोकाने जेथे नेले तेथेच जायचे. स्वतंत्र ग्रंथ लिहिणाऱ्याला जी मोकळीक असते ती टीकाकाराला नाही. शिवाय साडेतीन चरणांची ओवी, तीही बायकांच्या जात्यावर फिरणारी. या दोन कुंपणांच्या आत नऊ हजार ओव्यांचे एवढे मोठे शेत पिकले. उलट पक्षी चांगदेवांची कथा सर्वांना ठाऊक आहे. ‘चिरंजीव’ लिहावे की ‘तीर्थरूप’, याचा निर्णय होईना, म्हणून त्यांनी कोरा कागद पाठवला. कागद सबंध मोकळा होता आणि त्यावर एक अक्षर उमटले नाही. त्याचे उत्तर पासष्ट ओव्यांत आले.

असो. आता दुसऱ्यांच्या गोष्टी पुरे, आमचे स्वतःचे सांगतो. सांगायला संकोच वाटतो, पण त्यावाचून लेखाचा मुद्दा पुरा होत नाही.

वयाच्या चाळिशीनंतर आमच्या कीर्तनाला गर्दी होऊ लागली. सप्ताहांची आमंत्रणे येत. आम्हांला चुटके चांगले साधत. बायको-नवऱ्याची भांडणे, सासू-सून, कंजूष वाणी, हे सगळे आम्ही आवाज बदलून करीत असू. लोक पोट धरून हसत. एकदा एका गावी कीर्तन झाल्यावर एक म्हातारे विणेकरी आमच्या पाया पडले आणि म्हणाले, “महाराज, लई हसलो आज. पर अभंग कोनता घेतला व्हता, त्यो काय ध्यानात ऱ्हायला नाय बगा.” त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ते खरेच आठवत होते. आणि वाचकहो, लाजेची गोष्ट ही की, क्षणभर आम्हांलाही आठवेना.

त्या वर्षी, म्हणजे 2005 च्या चातुर्मासात, आम्ही नियम केला. आमच्या गावच्या देवळात आषाढीपासून कार्तिकीपर्यंत दर एकादशीला आमचे कीर्तन असते. त्या वर्षी नऊ एकादश्या आल्या. नियम असा: नऊही कीर्तने एकाच अभंगावर करायची. चुटका सांगायचा नाही. प्रमाण संतांचे, दृष्टांत पाहिलेल्या वस्तूचा. आणि चौथी अट अशी की चार महिने कीर्तनात स्वतःविषयी एक शब्द बोलायचा नाही; आमचे अनुभव, आमची दुःखे, आमचे प्रवास, काही नाही. निरोष्ठ दिवसाची आठवण धरून आम्ही ही अट घातली होती. ‘मी’ आधी जावा.

पहिले कीर्तन सवयीने निभले. दुसऱ्याला अर्ध्या तासातच सांगण्यासारखे संपले आणि पुढचा दीड तास आम्ही चालीवर काढला. तिसऱ्याला मंडप निम्मा रिकामा. टाळकरी एकमेकांकडे बघत. घरी आल्यावर पत्नी म्हणाली, “एवढं हट्टाला पेटायचं काय कारण? लोकांना आवडतं ते सांगावं.” चौथ्या एकादशीच्या आदल्या रात्री आम्ही अभंगाचे चरण घेऊन बसलो, तेव्हा प्रथमच ध्यानात आले की तिसऱ्या चरणातल्या एका क्रियापदाकडे आम्ही वीस वर्षांत पाहिलेच नव्हते. ते आज्ञार्थी आहे असे धरून आम्ही बोलत आलो होतो. तेथे आज्ञा नव्हतीच. तुकोबाराय स्वतःशीच बोलत होते. उपदेश म्हणून जो अभंग आम्ही लोकांच्या अंगावर टाकीत होतो, तो त्यांचा आपल्या मनाशी चाललेला तंटा होता. त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी कीर्तनाला माणसे थोडीच होती, पण कोणी हलले नाही. पुढच्या एकादश्यांना मंडप हळूहळू भरला. नवव्या कीर्तनाला उभे राहताना आम्हांला वाटत होते की या अभंगातले अजून निम्मेही सांगून झालेले नाही.

येथवर वाचून तो तरुण कीर्तनकार खूश होईल. नियम केला, यश आले. पण गोष्ट येथे संपत नाही.

सातव्या एकादशीला कीर्तन झाल्यावर जवळच्या वाडीतली एक बाई खांबापाशी थांबून राहिली होती. सगळे गेल्यावर पुढे आली. तिचा मुलगा आठ महिन्यांपूर्वी विहिरीत बुडून गेला होता, हे गावात सगळ्यांना माहीत होते. ती म्हणाली, “बुवा, तुमचा बी मुलगा गेला म्हनत्यात. तुम्ही कसं सोसलं, तेवढं सांगा.”

आमचा मुलगा 1997 साली गेला. एकोणीस वर्षांचा होता.

आम्ही तिला काय सांगितले? आम्ही एका संतवचनाचे प्रमाण दिले. देह नाशवंत आहे, हे शास्त्रशुद्ध रीतीने सांगितले. स्वतःविषयी बोलायचे नाही, हा नियम होता ना! कीर्तन संपले होते, देवळात कोणी नव्हते, नियम कीर्तनापुरताच होता. तरी आम्ही तो ओढून बाहेर आणला आणि त्याच्या मागे उभे राहिलो. बाईने हात जोडले. “बरं,” म्हणाली आणि गेली. आठव्या एकादशीला ती आली नाही. नवव्यालाही नाही.

कार्तिकी झाली, नियम सुटला. लोकांनी शाल घातली, नारळ दिला. आम्ही दुसऱ्या दिवशी वाडीवर गेलो. ती अंगणात शेंगा फोडीत होती. आम्ही पायरीवर बसलो आणि म्हणालो, “बाई, त्या दिवशी तुम्ही विचारलंत आणि आम्ही उत्तर दिलं नाही. आम्ही सोसलेलं नाही. अजून रात्री उठून दार उघडं आहे का बघतो.” ती ऐकत राहिली. बऱ्याच वेळाने तिने एवढेच विचारले, “नाव काय हुतं पोराचं?” आम्ही नाव सांगितले. आठ वर्षांत ते आम्ही कोणापुढे उच्चारले नव्हते. मग तिने आपल्या मुलाचे सांगितले. पुष्कळ वेळ सांगितले. आम्ही शेंगा फोडू लागलो.

त्या पायरीवर आम्हांला कळले की चौथी अट आम्ही अहंकार घालवण्यासाठी घेतली असे जे म्हणत होतो, ते अर्धेच खरे होते. उरलेले अर्धे असे की आम्हांला त्या नावापासून लपायचे होते आणि नियमाची भिंत बरी सापडली. भिंत बाहेरून तपाची दिसते; आत कोण दडले आहे, ते बांधणाऱ्यालाच ठाऊक, आणि कित्येकदा त्यालाही नाही.

येथे आणखी एक गोष्ट बोलल्यावाचून पुढे जाववत नाही. नियमाची थोरवी सांगता सांगता काही मंडळी भलतीकडे जातात. “पाहा, चोखोबांना महाद्वाराच्या आत प्रवेश नव्हता, म्हणून त्यांची वाणी इतकी आर्त झाली. बंधनानेच संत घडतात,” असे आम्ही व्यासपीठावरून ऐकले आहे. हे बोलणे अन्यायाचे आहे. चोखोबांना जे होते ते बंधन होते. त्यांनी ते घातलेले नव्हते आणि काढू म्हटले तरी त्यांना काढता येत नव्हते. नियम तो, जो आपला आपण घेतो आणि आपला आपण सोडू शकतो. चोखोबा, सोयराबाई, निर्मळा, बंका, कर्ममेळा, अशा एका घरात एवढ्यांनी अभंगरचना केली. त्यात देवाला केलेली फिर्याद आहे, कर्ममेळ्याचा तर उघड जाब आहे. त्यांनी भिंतीचे आभार मानलेले नाहीत. ती भिंत पडायला 1947 साल उजाडावे लागले, साने गुरुजींना पंढरपुरात उपोषणाला बसावे लागले. त्या घराची वाणी भिंतीमुळे थोर झाली नाही. भिंत असूनही ती आत पोचली. दुसऱ्याच्या गळ्यातला दोर पाहून “याने आवाज किती गोड झाला!” असे म्हणणाऱ्याने तो दोर आधी आपल्या गळ्यात घालून पाहावा.

आता सिद्धांत काय ठरला, ते थोडक्यात सांगतो.

नियम आपण घ्यावा, दुसऱ्यावर लादू नये. शिष्यावर घालायचा झाला तर आमच्या गुरुजींसारखा, सूर्य मावळला की सुटणारा घालावा. नियमाला अवधी असावा. एक पक्ष, एक महिना, फार तर एक चातुर्मास. ज्याला शेवट नाही तो नियम सवय होतो, आणि सवय मोडण्यासाठीच तर तो घेतला होता. ज्यावर आपला हात बसला आहे तेच सोडावे. जे आपल्याला येतच नाही ते सोडण्यात काही नाही. आमच्यासारख्याने शास्त्रीय ताना सोडल्या तर त्याला त्याग कोण म्हणेल? आम्हांला चुटके सोडणे अवघड होते, म्हणून ते सोडण्यात अर्थ होता. नियमातून पळवाट काढू नये. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण लोकांनी उगाच केलेली नाही. आणि नियम घेतला, हे सांगत सुटू नये. आम्ही तिसऱ्या कीर्तनातच “यंदा आमचा असा नियम आहे” असे सूचित केले होते. मंडप रिकामा पडल्यामुळे स्वतःला सावरण्यासाठी तो आधार घेतला. ती चूकच.

राहिला मुख्य प्रश्न. नियम मोडावा केव्हा? आपल्या सोयीसाठी मोडू नये. सुचत नाही, लोक उठून जातात, बायको रागावते, यांपैकी एकही कारण पुरेसे नाही. उलट तेथेच त्याचे काम सुरू होते. पण ज्याच्यासाठी आपण हरिकीर्तनाला उभे राहतो, तो माणूस समोर येऊन काही मागत असेल आणि आपला नियम मध्ये येत असेल, तर नियम बाजूला ठेवावा आणि द्यावे. मग पुन्हा उचलून घ्यावा. मातीचा बांध सरी भिजावी म्हणून घालतात. रोप वाळत असताना जो बांधाचे कौतुक करीत बसतो, त्याला शेतकरी म्हणत नाहीत.

म्हणून त्या तरुण कीर्तनकारांना आमचे सांगणे असे. बाबा, तुमच्याजवळ जे सगळ्यांत चांगले आहे, ज्यावर लोक माना डोलवतात, ते एक पक्षभर बाजूला ठेवून उभे राहा. पहिल्या दिवशी पायाखाली जमीन नाही असे वाटेल. तसे वाटू द्या. तेव्हाच अभंगाकडे लक्ष जाईल, कारण धरायला दुसरे काही राहणार नाही. तुम्ही काय सोडले ते आम्हांला कळवू नका. आणि कीर्तन संपल्यावर एकदम पागोटे काढून चालू पडू नका. खांबापाशी कोणी थांबले आहे का, तेवढे पाहत जा.

रामकृष्णहरि.